हात आधी पडतो

"तू आधी येतोस," ती म्हणाली, आणि गाणं अर्ध्यावर सोडून तिनं पाण्याचा पेला उचलला. बुधवारची दुपार होती, तीन-साडेतीनचा सुमार. ती पलंगाच्या कडेला बसली होती, मी समोर खुर्चीत, मांडीवर जुनी गिटार. वायर नाही, पेडल नाही, कॉम्प्युटर नाही, ही तिचीच अट. मी म्हणालो, कुठे आधी येतो? "सगळीकडेच. मी शब्दापाशी पोचायच्या आत तू तिथे जाऊन उभा असतोस." हे तिनं तक्रार म्हणून सांगितलं नव्हतं. भाजीत मीठ कमी पडलंय, एवढ्याच सुरात सांगितलं होतं. मीही हसून म्हणालो की अकरा वर्षांनी बसतोय बाई, एवढं चालायचंच. आम्ही पुन्हा सुरुवात केली, आणि या वेळी मी मुद्दाम कान देऊन ऐकलं. ती ओळ उचलत होती आणि माझा अंगठा जाड तारेवर तिच्या आधी पडत होता. फार नाही. ऐकणाऱ्या माणसाला बोट ठेवून सांगता आलं नसतं की चुकतंय कुठे, त्याला नुसतं अस्वस्थ वाटलं असतं, जेवताना एकसारखा खडा लागावा तसं. मी हात आवरला. पुढच्या ओळीला तो पुन्हा आधी पडला. मी घशाशी आलेली शिवी गिळली आणि म्हणालो, आज राहू दे, उद्या बसू.

उद्या बसू म्हणायला दिवस मोजकेच होते. सोमवारी सकाळी तिच्या गळ्याचं ऑपरेशन होतं. डॉक्टर बोलण्यापेक्षा चित्र काढून समजावणाऱ्यांपैकी होता. त्यानं औषधाच्या चिठ्ठीमागे एक गोल काढला, आणि गोलाला घासून जाणारी एक रेघ. गोल म्हणजे गाठ, रेघ म्हणजे आवाजाची नस. "रेघ वाचवायचा आम्ही पूर्ण प्रयत्न करू," तो म्हणाला, "पण ती गाठीत गुंतली असेल तर गाठ काढणं आधी." तिनं विचारलं, "म्हणजे आवाज जाणार?" "बदलेल. बसेल. कदाचित कुजबुजीएवढाच राहील. आत गेल्याशिवाय सांगता येत नाही." मग तिनं विचारलं, "गाता येईल?" त्यानं पेनाला टोपण लावलं आणि म्हणाला, "तुम्ही गाता का?" तिनं माझ्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे पाहून म्हणाली, "गायचे." माझा डावा पाय टेबलाखाली फरशी दाबून धरून बसला होता. ही माझ्या पायाची सवय आहे. त्या पायाखाली वर्षानुवर्षं एक पेडल असतं, दाबलं की वाजलेला सूर सुटत नाही, हात काढून घेतला तरी धरून ठेवलेला राहतो. आता पेडल नसलं तरी पाय दाबतो. कोणी काही महत्त्वाचं बोलायला लागलं की दाबतो. तिचं "गायचे" मी तसाच फरशी दाबून ऐकत बसलो, आणि डॉक्टर पुढचं काय काय सांगत होता ते सगळं माझ्या डोक्यावरून गेलं.

दवाखान्यातून निघून आम्ही बसस्टॉपवर आलो. तिथे बाकावर बसल्यावर ती म्हणाली, "आपलं ते दाराचं गाणं मला एकदा नीट म्हणायचंय. सोमवारच्या आत. तू वाजव. ते तुझं यंत्र नको, नुसती गिटार." दाराचं गाणं म्हणजे आमच्या लग्नाच्याही आधीचं, शब्द तिचे, चाल माझी. दार नुसतं लोटून ठेव, कडी लावू नकोस, मी येते आहे, अशा अर्थाची तीन कडवी. फार थोर गाणं नाही, पण आमचं. मी म्हणालो, एवढंच ना? ती म्हणाली, "एवढंच." आणि मला खरं सांगायचं तर हायसं वाटलं. मला धास्ती होती की ती काहीतरी अवघड मागेल. माझी चूक झाली आहे असं कबूल करायला लावेल, किंवा मी तिला रडून दाखवावं अशी अपेक्षा करेल. गिटार वाजवणं म्हणजे काय, डाव्या हातचा मळ.

माझं दुखणं कळायचं तर ते यंत्र काय आहे ते सांगायला हवं. गिटारच्या तारांखाली एक पट्टी बसवायची. तार छेडली की ती पट्टी ओळखते, हा अमुक सूर, एवढ्या जोरानं, आणि तसा निरोप कॉम्प्युटरला धाडते. कॉम्प्युटरात खरे आवाज साठवलेले असतात. कुणीतरी कुठल्यातरी बंद खोलीत बसून बासरीचा एकेक सूर हळू, मध्यम, जोरात असा फुंकून ठेवलेला असतो, व्हायोलिनचा एकेक सूर ओढून ठेवलेला असतो. निरोप आला की त्यातला नेमका वाजतो. म्हणजे छेडायची तार आणि ऐकू यायची बासरी. पायाशी पेडलांची रांग. एकानं बासरीचं व्हायोलिन करायचं, एकानं आवाज फुगवायचा, एकानं सूर धरून ठेवायचा. दोन हात, दोन पाय आणि एक डोकं यांत अख्खा वाद्यवृंद. पण निरोप पोचायला वेळ लागतो. पातळ तार भरभर थरथरते, तिचा सूर यंत्राला चटकन कळतो. जाड तार सावकाश हलते, ती दोन-तीनदा हलल्याशिवाय हा कुठला सूर ते यंत्राला ठरवताच येत नाही. वेळ म्हणजे पापणी लवण्याहूनही कमी, पण तालात तेवढी फट पुरते. पहिले काही महिने मी रडकुंडीला आलो होतो, सगळं लंगडं वाजायचं. मग हातानं आपणच वाट काढली. जाड तार जरा आधी छेडायची, मधल्या त्याहून कमी आधी, पातळ जवळजवळ वेळेवर. कुणी शिकवलं नाही. एक दिवस लक्षात आलं की स्पीकरमधून सगळं ठाकठीक येतंय, आणि मला केवढा आनंद झाला होता. मी तिला हाक मारून ऐकवलं होतं. ती स्वयंपाकघरातून ओले हात घेऊन आली, ऐकलं, आणि म्हणाली, "छान. बासरी कुठे शिकलास?" ती थट्टा होती, पण मी ती शाबासकी म्हणून घेतली.

आणखीही हात बदलला होता. त्या यंत्राला शिस्त लागते. बोट तारेला ओझरतं लागलं तरी ते बिचारं निरोप धाडतं आणि मध्येच कुठूनतरी एक भलताच सूर किंचाळतो. त्याला आम्ही भूत म्हणतो. भुतं नकोत म्हणून बोटं उचलून ठेवायची, तार घासायची नाही, सूर खेचायचा नाही, झटकायचा नाही, प्रत्येक सूर वेगळा, स्वच्छ, धुतलेला. पूर्वी माझ्या वाजवण्यात एक खरखर होती, नखाची. तिला ती आवडायची. ती सगळ्यात आधी गेली.

तेव्हा आम्ही तिघं होतो. ती गायची, मी गिटार, आणि तिचा थोरला भाऊ, आमचा दादा, ॲकॉर्डियन. एका हॉटेलात आठवड्याचे चार दिवस आमचं वाजायचं. लोक जेवायचे, आम्ही कोपऱ्यात वाजवायचो, कुणी चमचा खाली ठेवून ऐकलं तर दादा मान लववून त्याला नमस्कार करायचा. मी यंत्र आणलं ते हौसेनं. दोन महिन्यांत मॅनेजरनं ऐकलं की ॲकॉर्डियनचा आवाजही यातून निघतो. म्हणाला, "मग त्या गृहस्थांना कशाला दमवता?" दादाला सांगायचं काम माझ्यावर आलं. मी म्हणालो, थोडे दिवस थांब, मग बघू. तो म्हणाला, "हो हो, थांबू की." आणि थांबला, अजून थांबलाच आहे. नंतर तो कुठल्याशा गोदामात कारकून म्हणून लागला. तिनं मला त्यावरून एका शब्दानंही छेडलं नाही. दोन वर्षं ती माझ्या यंत्राबरोबर गायली, मग एक दिवस म्हणाली, मी आता नाही येत. मी कारण विचारलं. "गाताना बघायचं कुणाकडे?" ती म्हणाली. "तू खाली पायांकडे बघत असतोस, नाहीतर त्या पडद्याकडे." मला वाटलं दादाचा राग ती असा काढतेय. मी तिची समजूतही घातली नाही. उलट मनातल्या मनात सोय वाटली, कारण तोवर मला खोलीत बसून करायची कामं मिळायला लागली होती. जाहिराती, कारखान्याच्या माहितीपटांचं संगीत, फोनवर ताटकळत ठेवलेल्या माणसांसाठी वाजणाऱ्या धुना. त्यांतलीच एक त्या दवाखान्याच्या फोनवर वाजते. ऑपरेशनची तारीख विचारायला फोन केला तेव्हा सात मिनिटं मी माझीच बासरी ऐकत उभा होतो. वाईट नव्हती. जरा सपाट होती, पण वेळेवर होती.

गुरुवारी मी कामाच्या खोलीत गेलो आणि जुनी गिटार माइकसमोर धरून तालाच्या नुसत्या टिकटिकीवर ते गाणं वाजवून रेकॉर्ड केलं. पडद्यावर आवाजाच्या उभ्या खुणा उमटतात, आणि ठोक्याच्या बारीक रेघा आधीच आखलेल्या असतात. माझी प्रत्येक खूण रेघेच्या अलीकडे होती. एकही पलीकडे नाही, एकही वर नाही. जाड तारेच्या खुणा नखभर अलीकडे, मधल्या त्याहून कमी, पातळ तारेच्या रेघेला टेकलेल्या. इतकी नेमकी चूक मी उभ्या आयुष्यात पाहिली नव्हती. चुका कशा, इकडेतिकडे सांडलेल्या असतात. ही तर शिस्तीत उभी होती. मला त्या क्षणी कळलं की ही चूक नाहीच, हे माझं वाजवणं आहे. तेरा वर्षं रोज सहा-सात तास कमावलेलं, हाडामाशी खिळलेलं. माझा हात कुठल्यातरी यंत्रासाठी तयार झालेला हात होता, आणि यंत्र काढून घेतलं की तो हवेत पडत होता. मी ती खोली बंद करून जिन्यावर बसून राहिलो. वरच्या मजल्यावरची बाई जाता जाता म्हणाली, "किल्ली विसरलात का?" मी हो म्हणालो.

मी सावकाश वाजवून पाहिलं. मनात मुद्दाम थांबून, आता, असं म्हणून मग छेडायचं. त्यानं काही सूर वेळेवर आले, काही उशिरा, काही जुन्या सवयीनं आधी, आणि सगळं पार बिघडलं. शुक्रवारी मी अंगठा बांधून ठेवला आणि नुसत्या बोटांनी वाजवलं. मग जाड तार सोडून दिली. मग डोळे मिटून, मग उभं राहून. एकदा चार ओळी बरोबर आल्या. आनंदानं मी पाचवीला लागलो आणि हात पुढे निघून गेला. संध्याकाळी घरी आलो तर ती आरशासमोर उभी राहून मानेवर हात फिरवत होती. मला म्हणाली, "इथे ना? वरून काही कळतसुद्धा नाही." मग म्हणाली, "बसायचं?" मी दमलोय म्हणालो. मी दमलो नव्हतो, घाबरलो होतो. माझ्याच बायकोसमोर मांडीवर गिटार घ्यायची मला भीती वाटत होती.

शनिवारी दुपारी टाळता येण्यासारखं काही उरलं नव्हतं. ती खिडकीपाशी बसली, केस बांधले, घसा साफ केला. गाठीमुळे तिच्या आवाजाला कडेला थोडा खरखरीतपणा आला होता, पण आतला आवाज तोच होता, भरीव, अंगात ऊब आणणारा. मी सुरुवात केली. पहिल्या कडव्यात मला कळेना, हे बरोबर कसं काय येतंय. हात तर माझाच होता. मग कळलं की ती आधी येत होती. माझ्या हातावर नजर ठेवून, मी जिथे पडतो तिथे ती शब्द आणून ठेवत होती. मला सांभाळून घ्यायचं तिनं ठरवलं होतं. पण माझा हात गाणाऱ्याच्या आधी पडायलाच शिकलेला. ती आधी आली म्हणून तो तिच्याही आधी गेला, म्हणून ती आणखी पुढे सरकली, म्हणून तो आणखी. दारात "आधी तुम्ही, आधी तुम्ही" करत अडकलेली दोन भली माणसं असतात, आमचं नेमकं उलटं झालं. दुसऱ्या कडव्यात गाणं चालायचं ते भरभर चालायला लागलं, तिसऱ्यात पळायला लागलं. शब्द एकमेकांच्या अंगावर पडायला लागले, श्वास घ्यायला जागा राहिली नाही, आणि शेवटच्या ओळीच्या आधी तिला जोराचा खोकला आला. ती गळ्यावर हात ठेवून वाकली. मी गिटार टाकून पाणी आणलं. पाणी पिऊन ती हसायला लागली. "अरे, पळतोय कुठे आपण?" मीही हसलो. बऱ्याच दिवसांत आम्ही असे एकत्र हसलो नव्हतो, तेवढं बरं वाटलं. मग तिचं हसू ओसरलं. ती पेल्याच्या कडेवरून बोट फिरवत राहिली, आणि फार जपून, मला लागू नये अशा बेतानं म्हणाली, "दादाला बोलावू का? त्याच्याकडे ॲकॉर्डियन असेल अजून. तू बस ऐकायला."

त्या वेळी हो म्हणालो असतो तर. दादा अर्ध्या तासाच्या अंतरावर राहतो. तो धावत आला असता, भाता फाटका असता तरी आला असता. त्याचा हात थोडा अडखळला असता, पण माणसासारखा, कधी इकडे कधी तिकडे, आणि तिनं त्याला धरून नेलं असतं. हे सगळं मला तेव्हाही कळत होतं. पण माझ्या डोळ्यांपुढे मी आलो, हात मांडीवर ठेवून भिंतीशी बसलेला, आणि ज्याला मी थोडे दिवस थांब म्हणून सांगितलं तो माझ्या खुर्चीत. मी म्हणालो, "कशाला उगीच त्याला त्रास? मला जमलंय जवळजवळ. उद्या होईल." तिनं माझ्याकडे पाहिलं. "नक्की?" "नक्की," मी म्हणालो.

रविवारी सकाळी ती बॅग भरत होती. टॉवेल, चपला, कागदांची फाइल. मी आतल्या खोलीत दार लोटून कामाच्या खोलीतून आणलेला कॉम्प्युटर उघडला. त्या सॉफ्टवेअरमध्ये गिटारीही आहेत. चाळीस-एक असतील. कुणीतरी आपली गिटार घेऊन त्या बंद खोलीत बसला असेल आणि एकेक तार, दांडीवरचं एकेक घर, हळू, मध्यम, जोरात असं वाजवत गेला असेल. मी त्या सगळ्या ऐकल्या. एक जुन्या लाकडाची होती, माझ्या गिटारच्या जवळ जाणारी. तिच्यात नखाची खरखरही होती, आणि बोट तारेवरून घसरल्याचा तो चुईं आवाजसुद्धा. तो हवा तेवढा कमीजास्त करता येतो. मी तो जरा जास्त ठेवला. मग माझ्या गिटारला चिकटपट्टीनं ती पट्टी लावली, गिटारच्या पोटात एक काळा जुना शर्ट कोंबून तिचा स्वतःचा आवाज मारला, वायर दाराखालून आतल्या कॉम्प्युटरपर्यंत नेली आणि स्पीकर माझ्या खुर्चीमागे ठेवला. हे सगळं मी अतिशय सफाईनं केलं. माझा धंदाच आहे तो. करून झाल्यावर दोन ओळी वाजवल्या. हात आधी पडला, आणि आवाज वेळेवर आला. पोटात एकदम शांत झालं, लाज वाटायला हवी होती तिथे मला सुटल्यासारखं वाटलं.

चार वाजता ती आली. वायरकडे बोट करून म्हणाली, "हे काय?" "नुसता आवाज मोठा करायला. जुनी झालीय ही, पोटातून आवाज निघत नाही. तू मोकळ्या गळ्यानं म्हणालीस की दबून जाईल." "यंत्र नाही ना?" "नाही गं." खोटंसुद्धा माझ्या हातासारखं वेळेच्या आधी तयार होतं. तिनं मान हलवली आणि बसली. तिनं ते चटकन मान्य केलं याचं मला तेव्हा बरंच वाटलं.

आणि ती गायली. त्याबद्दल काय सांगू. अकरा वर्षं तिनं तो आवाज भांड्यांवर, फोनवर, दूधवाल्याला हाक मारण्यात खर्च केला होता, आणि तरी तो सगळा तिथे होता. पहिलं कडवं तिनं जरा चाचपडत म्हटलं, पाऊल टाकून बघावं तसं. पाऊल टाकलं तिथे जमीन होती. मग ती मोकळी झाली. ती शब्दापाशी यायची आणि गिटार नेमकी तेव्हाच यायची, ती रेंगाळली तर मी रेंगाळत होतो, कारण हात आता निवांत होता, त्याचं सगळं करणारं दुसरं कुणी होतं. मला मात्र दोन गिटारी ऐकू येत होत्या. एक पाठीमागून येणारी, गोड, वेळेवर. आणि एक मांडीवरची, शर्ट कोंबलेली, टक टक अशी, सारखी आधी. दुसऱ्या कडव्याला तिनं डोळे उघडले आणि माझ्याकडे पाहिलं. मला पायांकडे बघायचं नव्हतं, पडद्याकडे बघायचं नव्हतं, मी तिच्याकडेच बघत होतो. आमची नजर तशी कितीतरी वर्षांनी मिळाली. गाताना बघायला तिला माणूस मिळाला होता. तिच्या चेहऱ्यावर असं काही समाधान पसरलं की मी नजर काढून घेऊ शकलो नाही, आणि हसलो. त्या हसण्याची मला अजून किळस येते.

शेवटची ओळ संपली. तिनं तळहातानं डोळे पुसले. "जमलं की रे तुला," ती म्हणाली. "मला वाटलं होतं गेलास तू. तुझा हात गेला असं वाटलं होतं मला. दोन दिवस मला ऑपरेशनचं काही नव्हतं, त्याचंच वाटत होतं." मी गिटारवर हात ठेवून बसलो होतो. मग ती एकदम उठली, पोरीसारखी. "चल, गॅलरीत बसू. आणखी एकदा. ऊन उतरलंय, छान आहे बाहेर. ते वायरबियर काढून टाक, तिथे कुठे मोठा आवाज लागतोय. अगदी हळू म्हणू." आणि स्वतःची खुर्ची तिनं स्वतः उचलली.

 मी म्हणालो, "नको. आवाज जप. उद्या ऑपरेशन आहे, घशाला ताण देऊ नका म्हणालेत डॉक्टर." डॉक्टर असं काही म्हणाला नव्हता. ती खुर्ची धरून उभी राहिली. "एकदाच रे." "बरी झालीस की म्हणू ना," मी म्हणालो, "मग रोज म्हणू."  मग तिनं खुर्ची खाली ठेवली. "बरं," ती म्हणाली, "तू म्हणतोस तर." ती एकटीच गॅलरीत गेली, कठड्याला टेकून उभी राहिली, आणि थोड्या वेळानं तिचं गुणगुणणं ऐकू आलं. तेच गाणं, तोंडातल्या तोंडात, ताल धरायला कठड्यावर बोटं. मी उठून तिच्याशेजारी जाऊन उभा राहू शकलो असतो. गिटारशिवाय, नुसता. तेही सुचलं नाही. मी वायर गुंडाळत बसलो. वायर नीट गुंडाळली नाही तर पीळ पडतो, म्हणून एकेक वेढा सारखा करत गुंडाळत बसलो, आणि संपली तेव्हा गुणगुणणंही संपलं होतं.

सोमवारी डॉक्टर बाहेर आला. या वेळी त्यानं चित्र काढलं नाही. रेघ गाठीतूनच गेली होती, म्हणाला. गाठ पूर्ण निघाली, जिवाचा धोका टळला. आवाजाचं म्हणाल तर, तो म्हणाला, आणि पुढे जे म्हणाला ते मला माहीतच होतं. त्या गोष्टीला आता दोन महिने होत आले. ती बोलते ती वाऱ्यासारखी, शब्द ओठांवर येतात आणि त्यांच्यामागे काहीच नसतं. दुसऱ्या खोलीतून मला हाक मारायची तर ती टाळी वाजवते. जेवताना मी पंखा बंद करतो, म्हणजे ऐकू येतं. ती खचली नाही, मीच खचलोय. ती म्हणते, "जाऊ दे. आदल्या दिवशी म्हटलं ना आपण. माझं राहिलं नाही काही." रोज म्हणते. मी तीनदा ठरवलं की खरं सांगून टाकावं. तिन्ही वेळा तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि जीभ रेटली नाही. तिच्याजवळ तेवढं एकच गाणं शिल्लक आहे. ते मी वाजवलं नव्हतं हे सांगायचं म्हणजे तेही तिच्या हातून काढून घ्यायचं. आणि न सांगता ती माझे आभार मानते, ते ऐकत बसायचं. दोन्हींतलं कुठलं अधिक नीच ते मला ठरवता येत नाही. कामाच्या खोलीत मी जातो, बासऱ्या वाजवतो, व्हायोलिनं वाजवतो. हात वेळेच्या आधी पडतो आणि लोक खूश आहेत.

काल दादा आला होता. हातात फळांची पिशवी, अंगात तोच गोदामातला निळा सदरा. तो पलंगाशी खुर्ची ओढून बसला आणि ऐकू यावं म्हणून पुढे वाकला. ती त्याला सांगत होती, एकेक शब्द, मध्ये दम घेत. "आदल्या दिवशी आम्ही बसलो होतो. दाराचं गाणं. यानं नुसत्या हातानं वाजवलं. यंत्र नाही, काही नाही."

दादानं माझ्याकडे पाहिलं. "नुसत्या हातानं?"

"हो," मी म्हणालो.

"आधी जमत नव्हतं," ती म्हणाली, "पण माझ्यासाठी बसवलं यानं, चार दिवसांत. मी आणखी एकदा म्हणणार होते, गॅलरीत. यानंच थांबवलं. म्हणाला, आवाज जप."

 दादानं माझ्या पाठीवर हात ठेवला. "बरोबर केलंस," तो म्हणाला. "तेव्हा तेच बरोबर होतं."

तिनं मान हलवली, आणि माझा उजवा हात ओढून आपल्या मांडीवर घेतला, दादाला नीट दिसेल असा.